सदतीस वर्षांचं रोप

खल्फानने फांदी आणली ओल्या गोणपाटात गुंडाळून,
गाडीच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून.
सोहारमध्ये बाहेर शेहेचाळीस अंश.
म्हणाला, उस्ताझा, हिला बघा,
आईने लावलेलं लिंबू आहे,
माझी धाकटी बहीण झाली त्या साली.

मी पान उजेडासमोर धरलं.
शिरा जागोजाग पारदर्शक,
हिरव्या शाईची ओळ कुणी मधेमधे खोडावी तशा.
रोगाचं नाव ट्रिस्टेझा.
ज्यांनी आमच्या वसईला किल्ला बांधला
आणि इथेही जे राहून गेले,
त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता खिन्नपणा.
खल्फान हसला : झाडालाही होतो?

आधी शेक.
तिचे डोळे बांधलेली कुंडी अडतीस अंशांच्या कपाटात.
मारिसेल म्हणते, वीज गेली की आपणच आत बसू,
तेवढाच गारवा.

विषाणू सगळीकडे असतो.
सालीत, देठात, पानाच्या कडेपर्यंत.
फक्त अगदी शेंड्याला बहुधा नसतो.
तिथे अजून रस्ते झालेले नाहीत,
आणि पेशी इतक्या घाईत असतात
की वाईट बातमी मागेच राहते.
तेवढंच उचलायचं.
तीळ त्याच्यापुढे पाटा-वरवंटा.
पात्याच्या टोकावर घ्यायचं, श्वास आवरायचा
(एकदा शिंकले. एक शेंडा कुठे गेला कोण जाणे)
आणि अंधारात वाढवलेल्या पांढऱ्याफटक खुंटावर
चीर देऊन ठेवायचं.
घरी सांगितलं, मी कलम करते,
तर भाऊ म्हणाला, कुठल्या कायद्याचं?

सोळा बांधली.
अकरा वाळली.
पाचांतली तीन तपासणीत पुन्हा तीच निघाली.
जित्याची खोड, म्हणतात ना;
खोड बदललं तरी गेली नाही.
दोन निखळ.
मला आठवलं, मी इथे उतरले तेव्हा
दंडातून रक्त घेतलं होतं, छातीचा फोटो,
आणि कागदावर शिक्का पडेपर्यंत
चार दिवस मी उगाचच हळू बोलत होते.

खल्फान दर गुरुवारी यायचा.
जाळीघराला दोन दारं,
मधे चपला बुडवायचं पाणी.
तो न सांगता बुडवायचा, वुजू करावी तसा,
आणि रोपापुढे उकिडवा बसायचा.
मी सांगितलं, हे बी पेरून आलेलं नाही,
याला बालपण नाही.
वीतभर आहे, पण वय सदतीस.
हे तेच झाड आहे.
त्याने बोट पुढे केलं, लावलं नाही.

मग सांगावं लागलं उरलेलं.
घरी नेता येईल,
पण मावा उडतो. जुन्यावर बसून नव्यावर येतो.
जुनं अंगणात असेपर्यंत नाही.
तो म्हणाला, म्हणजे?
अरबी मला कामापुरतं येतं.
ते शब्द मला येत होते.

तीन गुरुवार आला नाही.

चौथ्याला आला, हाताला कुऱ्हाडीचे फोड.
खोडापेक्षा मुळं चिवट निघाली, म्हणाला,
फलजच्या काठापर्यंत गेली होती.
बहीण मस्कतहून आली, जरा वेळ उभी राहिली, चहा न घेता गेली.
रोप त्याने त्याच सीटवर ठेवलं, पट्टा लावला.
मला एक पिशवी दिली :
शेवटची लिंबं, उन्हात वाळवून काळी केलेली.

रात्री आमटीत एक फोडून टाकलं.
आंबट, धुरकट, थोडं कडूही.
मारिसेलने दोनदा वाढून घेतली.
दुसरं कानाशी धरून हलवलं :
आत बिया वाजतात.
त्यातली एखादी पेरली
तर येईल ते झाड नक्की कुणाचं,
हे मला माहीत आहे, कामच आहे माझं ते.
तरी पुन्हा एकदा हलवलं.